फवारणी पंपाच्या झाकणाचा जागतिक प्रश्न

बुलढाण्यात कोणाला सांगितलं, की मी आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड लिहिणाऱ्या समितीवर आहे, तर लोक आधी चहा मागवतात आणि मग विचारतात, "म्हंजे नेमकं करता काय?" ते सांगता सांगता एक किस्सा निघतो, त्याला दुसरा चिकटतो. समितीचे कागद एका कपाटात मावतात, किस्से मात्र मावत नाहीत!

मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवतो. पाठीवरचे फवारणी पंप तपासायची छोटी लॅब आमच्याकडे आहे. म्हणून माझं नाव आधी दिल्लीच्या समितीत गेलं आणि तिथून या आंतरराष्ट्रीय समितीत. पंप कुठल्याही देशात बनो, तो गळू नये, त्याचा पट्टा खांद्यात रुतू नये, याचे नियम तिथे ठरतात.

*

पहिला ड्राफ्ट मी कौतुकाने गजाननभाऊंना दाखवला. त्यांचं धामणगाव बढ्याला पंपांचं दुकान आहे. त्यांनी ड्राफ्ट उघडलाच नाही.

"व्होटिंग कसं असते?"

"एका देशाला एक मत."

"आपन एवढे, अन् आपलंही एकच?"

"हो."

"अन् जो नकाशात सापडत नाही, त्या देशाचं?"

"त्याचंही एकच."

गजाननभाऊ खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "मंग त्याच्याकडे जीप पाठवली का?"

मी सांगितलं, तिथे विरोधात मत द्यायचं तर तांत्रिक कारण लिहून द्यावं लागतं. नुसतं 'नाही' म्हटलं तर मत मोजतच नाहीत.

"काय सांगता! आमच्या सोसायटीत हा नियम आला तं विरोधी पॅनलच राहत नाही!"

*

स्टँडर्डमध्ये दोन इंग्रजी शब्दांवरून फार घासाघीस होते, 'शॅल' आणि 'शुड'. 'शॅल' म्हणजे करायलाच हवं, 'शुड' म्हणजे केलं तर बरं. एकदा एका वाक्यात यातला कोणता शब्द घालायचा, यावर ऑनलाइन बैठकीची अख्खी दुपार गेली. आमचे लॅब असिस्टंट पुरुषोत्तम, सुलतानपूरचे, शेजारी बसून ऐकत होते.

"सर, एवढा काय फरक हाय त्याच्यात?"

मी समजावून सांगितलं.

"असं हाय का! एक बापाचं सांगनं, अन् एक पाव्हन्याचं!"

पुढच्या बैठकीत मी हे इंग्रजीत सांगून पाहिलं. अध्यक्षबाईंनी ते चक्क वहीत उतरवून घेतलं.

*

एक दिवस वच्छलाबाई लॅबमध्ये आल्या. जळगाव जामोदकडची त्यांची शेती, फवारणीही त्या स्वतःच करतात. पंपाच्या झाकणातून औषध पाठीवर येतं, ही त्यांची तक्रार.

मी उत्साहाने समितीचा तक्ता उघडला. त्यात प्रत्येक सूचनेपुढे कलमाचा नंबर लागतो.

"कोणत्या कलमाबद्दल तक्रार आहे तुमची?"

"कलम? अहो, माही पाठ जळते!"

मी तक्ता मिटला आणि त्यांची पाठ पाहिली. मानेखाली लाल चट्टे होते. मग मात्र मला ड्राफ्टमधली ती ओळ खटकायला लागली. तिच्याप्रमाणे टाकी टेबलावर थोडीशीच कलती करून झाकण तपासायचं होतं.

*

ऑनलाइन बैठकीत अध्यक्षबाईंनी विचारलं, "या ओळीला कोणाचा आक्षेप?"

मी तोंड उघडलं आणि लाइट गेली!

परत जोडला गेलो तोवर 'आक्षेप नाही' अशी नोंद झालेली. पुरुषोत्तम म्हणाले, "दुनियेले वाटलं तुम्ही राजी झाले. लाइट कोनाची गेली, त्याइले काय मालूम!"

टाकी पार आडवी करून झाकण तपासावं, असा ईमेल मी केला. अध्यक्षबाईंनी विषय पुन्हा घेतला. तेव्हा एका तज्ज्ञाने सरळ विचारलं, "पाठीवर भरलेला पंप असताना माणूस इतका वाकेल कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी शिकलेला माणूस, पण 'पुढच्या बैठकीत सांगतो' म्हणून वेळ मागून घ्यावा लागला. फार ओशाळलो.

*

उत्तर शोधायला आम्ही वच्छलाबाईंच्या शेतावर गेलो. पंपात औषधाऐवजी निळीचं पाणी भरलं, त्यांना पांढरा शर्ट घालायला दिला आणि म्हटलं, "रोजच्यासारखं चाला." पुरुषोत्तम मोबाइलवर व्हिडिओ काढत होते.

कपाशीच्या दोन ओळी झाल्या. काहीच गळलं नाही. माझा धीर सुटायला लागला. तेवढ्यात बाई थांबल्या, "थांबा जरा, काटा रुतला," म्हणाल्या आणि कमरेत वाकल्या. झाकणातून निळं पाणी भळकन आलं आणि मानेवरून पार कमरेपर्यंत ओघळलं!

तो व्हिडिओ मी पुढच्या बैठकीत लावला. संपल्यावर त्याच तज्ज्ञाने म्हटलं, "पुन्हा एकदा दाखवा."

पुढे मसुदे फिरले, देशांनी मतं दिली, दुरुस्त्या झाल्या, पुन्हा मतं झाली. काही वर्षांनी स्टँडर्ड छापून आलं. त्यात कोणाचंच नाव नसतं. मी ते घेऊन जळगाव जामोदला गेलो आणि ती एक ओळ वच्छलाबाईंना मराठीत वाचून दाखवली: टाकी भरलेली असताना वापरणारा कमरेत पूर्ण वाकला, तरी झाकणातून द्रव गळता कामा नये.

त्यांनी ती दोनदा वाचायला लावली.

"हे सगळ्या देशात चालते?"

"जिथे जिथे हे स्टँडर्ड मानतात, तिथे."

बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "म्हंजे आता दुनियेतल्या बायाइले काटा काहाडता येते म्हना!"