पांढऱ्या काठाचं कबुतर

माझ्या एका शब्दावर तरी इश्वास ठेवून दाखव! आमच्या मुदखेडच्या घरात असे किस्से लई साचलेत. म्हाताऱ्याच दोन हायत, मी अन् माझी थोरली जाऊ, सुंद्राअक्का. त्यात नातीनं कबुतरं आणली.

खरी न्हाईत, फोटोतली. आमची राणी नांदेडला कॉलेजात पाखरांचं शिकती. लांब समुद्रातल्या बेटावर दोन जातीची कबुतरं हायत म्हणं, एकाचं नाव बोले, दुसऱ्याचं लॉरेल. रान एकच, दोन्ही काळपट, अंडं एकेकच, अन् दोन्हीला धोका. मागल्या तोंडी परीक्षेत राणीनं ह्याचं नाव त्याला दिलं अन् नापास झाली! आता चुकली तर वर्ष गेलं.

*

"आजी, एकाच्या शेपटीला काळा काठ, एकाच्या पांढरा. कोणाचा कोणता, ध्यानातच राहत न्हाई!" पोरगी रडकुंडीला आली.

मी गच्चीवरचं साधं कबुतर धरलं, शेपटीला ज्वारीचं पीठ फासलं अन् हाक मारली, "राणे, पळ! लॉरेल आलंय!"

चहा टाकून, मोबाईल घेऊन धावली. कबुतरानं पंख झटकले, सगळं पीठ तिच्या तोंडावर! पण पांढरा काठ लॉरेलचा, हे डोक्यात बसलं.

*

मग घरट्याचा घोळ. बोलेचं झाडावर, लॉरेलचं खाली भुईवर, न्हाईतर कपारीत.

"सोपं हाय," मी म्हणलं. "मी माडीवर, मी बोले. अक्का खाली, अक्का लॉरेल!"

"मला कबुतर म्हणती व्हय गं?" अक्का भडकली. "अन् खालच्याची अंडी कोण खातंय?"

"उंदरं, मोठी आजी."

अक्कानं माझ्याकडं वळून बघितलं. मी पदर सावरत माडी चढले.

*

आता तुला म्हणून सांगते. माडीवर माझ्या पिंजऱ्यात सापडलेला एकूणएक उंदीर मी अक्काच्या दारात सोडून राहिले होते!

"तुझ्याकडं कशी गं उंदरं न्हाईत?"

"मला भितेत, अक्का!"

*

परीक्षेला आम्ही दोघीबी गेलो, उघड्या दाराशी बसलो. राणीनं काठ सांगितले, घरटी सांगितली. बाहेरून आलेल्या साहेबानं शेवटचं विचारलं, "बेटावर उंदीर आले कुठून?"

राणी आमच्याकडं बघू लागली. साहेबानं पेन उचललं.

अक्का ताडकन उठली. "उंदरं आपली आपण येत न्हाईत, साहेब! माणूसच आणून सोडतंय!" म्हणली साहेबाला, बघत होती माझ्याकडं.

साहेबानं टेबलावर हात आपटला. "बरोब्बर! माणसांच्याच जहाजातून आले! ह्या बाई कोण?"

राणीच्या तोंडून निसटलं, "लॉरेल, सर!"

पास झाली बघ. अन् तू जा आता, ऊठ! अक्का जिना चढून राहिली, मला पिंजरा लपवायचाय.