नाही म्हणून प्यालेलं पाणी

पाळकसाहेबांनी प्याला माझ्यासमोर धरला आणि मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

पहिलं प्रभुभोजन माझं. त्याच सकाळी लुथरन मंडळीत माझं नाव घातलं होतं. वेदीपुढे गुडघे टेकलेले, ओंजळ तोंडाशी, वरून धार पडायची वाट पाहत बसले. सगळे एकाच प्याल्याला ओठ लावतात हे मी मागच्या बाकावरून सहा महिने पाहिलं होतं. पण हातांना कोण सांगणार?

शेजारी निवृत्त मुख्याध्यापिका बाई होत्या. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती, पहिला बाक त्यांचाच. त्या म्हणाल्या, "अहो, ही पाणपोई नाही."

मागे दोन-तीन जणी हसल्या. माझे कान तापले. पण खरं सांगते, हसण्यापेक्षा दुसरंच बोचत होतं. पाळकसाहेब प्याला खाली करून थांबले होते आणि मला ओठ लावता येईनात.

कारण चारच दिवस आधी मी आसेगावजवळच्या शेतात विळ्यानं सोयाबीन सोंगत होते. दुपारी पाणी प्यायला बांधावर गेले. आमच्या वस्तीतल्या बायांच्या हातात तांब्या देत नाहीत. मालकीण उभी राहून वरून ओतते, आम्ही वाकून ओंजळीनं पितो. लहानपणापासून तसंच. त्या दिवशी तांब्या तिरपा करता करता ती थांबली.

"काहून वं, तू किरिस्ताव झाली म्हणते? मालेगावच्या चर्चात जाऊन राह्यली?"

बाकीच्या बाया पाहत होत्या. अर्धं सोंगायचं बाकी होतं.

"नाई बाई. मी कायले जाऊ तिकडं?"

"मंग पी."

आणि मी प्याले. गटागटा. कुणी मारलं नव्हतं, धमकी दिली नव्हती. नुसतं विचारलं होतं.

तेच तोंड घेऊन मी वेदीपुढे बसले होते. न पिताच उठले. बाहेर चपलांपाशी बसले होते, तर उपासना संपवून पाळकसाहेब मागे आले.

"काय झालं बाई?"

सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की देव आहे याचीच मला खात्री नाही. प्रार्थना करते तेव्हा भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. शेजारी कुणी सरकून जागा देतं, म्हणूनच मी इथं येत असेन. लबाड आहे मी.

ते म्हणाले, "तुमाले माफी आहे. शंका असली तरी आहे. ते तुमच्या खात्रीवर नाई, देवाच्या शब्दावर आहे."

ऐकलं. बरं वाटायला हवं होतं, नाही वाटलं. देवानं माफ केलं असेल, पण त्या बांधावर मी अजून खोटीच उभी होते. बायांसमोर, मालकिणीसमोर.

सोमवारी शेतात गेले. विळा पिशवीतून काढलाच नाही. मालकीण दिसताच म्हटलं, "बाई, मी खोटं बोलली. मी किरिस्ताव झाली. आन् आता वरून पाणी पिणार नाई. तांब्या हातात द्या, नाईतं नोका देऊ."

ती म्हणाली, "तं उद्यापासून येऊ नोको."

"बरं."

एवढंच बोलणं झालं. विळ्याची पिशवी तशीच घेऊन घरी आले. दहा वर्षांचं काम गेलं. बरोबरच्या एकीनंही मान वर केली नाही. त्यांचा राग नाही येत. मागच्या आठवड्यात मीही केली नसती.

देव आहे का, मला अजून माहीत नाही. माहीत होईपर्यंत थांबणारही नाही. दुसऱ्या शेतात काम मागायला जाईन. तिथं कुणी विचारायच्या आधी मीच सांगेन मी कोण आहे ते. ठेवलं तर ठेवलं. पोटासाठी खोटं बोलले ते एकदाच. पुन्हा नाही.