हुस्नाबीचं उटणं

ढाणकीच्या बाजारात हुस्नाबीचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि त्या दुकानाची पाटी म्हणजे खुद्द हुस्नाबीचा चेहरा. साठी ओलांडली तरी गालावर सुरकुती शोधावी लागते. बांगड्या भरायला आलेल्या बायका हात तिच्या हातात देतात आणि डोळे तिच्या तोंडावर ठेवतात. "बी, तोंडाले काय लावता वं?" असं कोणी विचारलं की ती मागच्या फळीवरून उटण्याची पुडी काढायची. मसूर डाळ, मुलतानी माती, वाळलेल्या गुलाबपाकळ्या, सगळं घरी दळलेलं. "लिंबू पिळून लावा," एवढंच सांगायची. आपल्या रूपाचा तिला गर्व होता, आणि का नसावा? गावात दुसऱ्या कोणाचं असं तोंड होतं?

भुरीबाई तिची तीस वर्षांपासूनची गिऱ्हाईक. म्हणायला गिऱ्हाईक, एरवी जिवाची मैत्रीण. जवळच्या तांड्यावर राहणारी, हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका, जिभेला हाड नाही. यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत ती दुकानात आली आणि धपकन बसली. दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग पसरले होते.

"पाह्य माहं तोंड! तव्याच्या बुडावानी झालं. पुढच्या महिन्यात नातीचं लग्न हाय, मले समोर बसा लागते. तुही पुडी कमी पडून राह्यली वाटते. यावेळी जास्त दे, लिंबूही डबल पिळतो."

हुस्नाबीचा हात फळीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"लावते कधी तू?"

"सकाळी, कापूस वेचाले जायच्या आधी. दुपारी वावरात जेवाले बसली का धुतो. मुरू देतो ना चांगलं!"

हुस्नाबीचा नवरा अब्दुल गनी पूर्वी उन्हाळ्यात लिंबू सरबताची गाडी लावायचा. दिवसभर उन्हात लिंबं पिळून त्याच्या हातांवर काळे चट्टे उठायचे आणि महिनोन्‌महिने जायचे नाहीत. लिंबाचं आणि उन्हाचं जमत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. फक्त ते कोणाला सांगावं असं कधी सुचलं नाही, कारण तिच्या स्वतःच्या तोंडाला ऊन ठाऊकच नव्हतं. बाहेर निघाली की बुरखा, दुकानात आली की टिनाची सावली.

दुकानात आणखी चार बायका उभ्या होत्या, कान टवकारून. पुडी देऊन टाकली असती तर कोणाला काही कळलं नसतं. नाव शाबूत राहिलं असतं. पण भुरीबाई आणखी काळी होऊन नातीच्या मांडवात बसली असती. हुस्नाबीला स्वतःचीच लाज वाटली.

"नको लावू वं हे," ती म्हणाली. "चूक माही हाय. लिंबू लावून उन्हात गेलं का कातडी काळी पडते. मले मालूम होतं, मी सांगितलं नाही. अन् माह्या तोंडावर जे हाय ना, ते या पुडीनं नाही झालं. सावलीनं झालं."

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. एकीनं हातातली पुडी हळूच परत ठेवली.

मग भुरीबाई म्हणाली, "तीस वर्षं तू माहे हात पाहून राह्यली. तोंड कधी पाह्यलंच नाही काय?"

हुस्नाबीनं खांद्यावरची सुती ओढणी काढली, भुरीबाईच्या डोक्यावरून घेतली, गाल झाकले, नाकावरून नेऊन मागे गाठ मारली. फक्त डोळे उघडे राहिले.

"वावरात अशीच जाजो. रात्री खोबरेल लावजो, बस. डाग जातीन हळूहळू."

"लग्नापर्यंत?"

"नाही जाणार," हुस्नाबी म्हणाली. आज खोटं बोलायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

भुरीबाईनं आरशात स्वतःचे डोळे पाहिले. मग ओढणी खाली ओढली आणि डागांसकट हसली.

"मंग तू ये लग्नाले. फोटोत माह्या बाजूलेच बसजो, तोंड उघडं ठेवून. पाहू दे लोकायले, उन्हातली कोन अन् सावलीतली कोन!"

"येतो," हुस्नाबी म्हणाली, आणि बांगड्या भरायला भुरीबाईचा हात हातात घेतला. पण पाहत राहिली ती तोंडाकडेच.