चिखलात रोवलेलं फूल

रुख्माच्या डोक्यात राग होता, आणि तो दोन वर्षं होता. लोकांचा राग भाकर खाल्ली की उतरतो. हिचा नाही उतरला. आणि का उतरावा, सांगा ना!

चिचगडच्या जंगलातली ही बाई. नवरा गेल्यावर गोंदियात आली आणि रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात झाडांना पाणी घालायला लागली. सन छत्तीसची गोष्ट. मेमसाहेबांनी कलकत्त्याहून पेटीतून एक रोप मागवलं. जाड पानं, भुरक्या मुळ्या, आणि फुलं अशी की पांढरी फुलपाखरं ओळीनं बसावीत. रुख्मानं मुळ्या पाहिल्या अन् ओळखलं. असली झाडं तिच्या रानात मोहाच्या फांदीवर बसतात, मातीला शिवतसुद्धा नाहीत.

पण माळी होता केवलराम, कामठ्याचा. बापजाद्यांची हयात धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात गेलेली. त्यानं बांधीतली काळी माती आणली, चिखल केला आणि धानाचा परा, कोवळं रोपटं, रोवावा तसं ते रोप अंगठ्यानं दाबून कुंडीत रोवलं.

"भाऊ, याले माती नोको," रुख्मा म्हणाली. "गुदमरून मरंल. लाकडाले बांध."

"काऊन वं, तू मले शिकवतं का? चिखलाबिगर काही जगते का?"

पंधरा दिवसांत पानं पिवळी, मुळ्या लिबलिबीत. मेमसाहेब लालबुंद होऊन आली. केवलरामनं सरळ रुख्माकडे बोट दाखवलं. हिनं पाणी जास्त ओतलं म्हणे! मेल्याची जीभ झडली नाही. त्याच दुपारी रुख्माला फाटकाबाहेर काढलं आणि कुंडी उकिरड्यावर फेकली.

रुख्मानं ती कुंडी उचलून घरी आणली. रोप जगवायचं होतं, कारण तिचं नाव गेलं होतं. 'झाड मारणारी' म्हणून एकाही बंगल्यात तिला कुणी उभं करेना. ती विड्या वळू लागली.

कुजलेल्या मुळ्या तिनं कापल्या. दोनच धड उरल्या. सालीसकट मोहाचं लाकूड आणलं, रोप त्याला काथ्यानं बांधलं आणि वळचणीला टांगलं. सकाळी मुळ्यांवर पाणी शिंपडायची. पाणी पिऊन त्या हिरव्या दिसल्या की हात आवरायची. पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर पदरानं टिपायची. उन्हाळाभर बाजूला ओलं पोतं.

"एवढं कायले करून राहिली वं?" शेजारची भागीरथा विचारायची.

"हे मेलं तं तो खरा ठरंल," रुख्मा खेकसायची.

दुसऱ्या वर्षी माघात दांडा फुटला. सात फुलं! बातमी बंगल्यावर गेली आणि मेमसाहेब स्वतः आली, मागे केवलराम. सारी आळी जमली. रुख्मानं वाळक्या चिखलाची ती कुंडी जपून ठेवली होती. तिनं ती मेमसाहेबांच्या पायाशी आपटली.

"यानं चिखलात रोवलं होतं. मी नाही मारलं. तुमी मले काढलं!"

मेमसाहेबांना बाजारापुरती हिंदी येत होती. कपाळाला आठी घालून ती जरा वेळ आठवत राहिली, मग हसली.

"तुमको निकाला था? हमको याद नहीं." आणि लाकडाकडे हात केला. "ये हमको दे दो."

दोन वर्षं रात्रंदिवस जे उरात जळत होतं, ते या बाईच्या लक्षातही नाही!

"हात नोको लावू! तुले याद नाही, मले हाये."

तिनं लाकूड काढून घेतलं, आत गेली आणि दार लावलं. रागानं रडली, पहिल्यांदाच. मेमसाहेब खांदे उडवून गेली. आळीतली माणसं तिथंच होती, केवलरामही. थोड्या वेळानं तो दाराला तोंड लावून हळूच बोलला.

"रुख्मा, चूक माही होती. मीच मारलं होतं ते."

आतून पाऊल वाजलं, पण कडी निघाली नाही.

"मोठ्यानं म्हण," रुख्मा म्हणाली. "भागीरथाले आयकू जाऊ दे."