कुचल्याची बाटली आणि शिंप्याची टेप

जळगावच्या इस्पितळात मी पुरुषांच्या वॉर्डाची नर्स होते, तेव्हा लढाई चालू होती आणि औषधांची टंचाई होती. त्या उन्हाळ्यात चोपड्याकडचा एक पहिलवान विषमज्वराने आमच्याकडे आला. ताप उतरला तोवर त्याच्या मांड्या माझ्या दंडाएवढ्या झाल्या होत्या. तालमीत दोघांना खांद्यावर घेणारा गडी उशीला टेकून बसायलाही दुसऱ्याचा हात मागत होता. त्याची आई रोज खाटेपाशी बसून त्याचे पाय चोळायची.

आमच्या डॉक्टरांनी त्याला टॉनिक लिहून दिले. अशक्त रोग्याला भूक लागावी, स्नायूंत जोर यावा म्हणून तेव्हा सगळीकडेच ते देत. त्यात लोह असे आणि कुचल्याच्या विषारी बियांचा थोडासा अर्क. सकाळ-संध्याकाळ चमचा मीच पाजत असे.

आठवड्याभराने एका सकाळी मी चमचा पाजून पुढच्या खाटेकडे वळले. थोड्या वेळाने कोणाच्या तरी हातून पितळी वाटी फरशीवर पडली. त्या आवाजासरशी पहिलवानाचे सगळे अंग ताठ झाले, पाठ कमानीसारखी उचलली गेली, दातखीळ बसली. शुद्ध मात्र पूर्ण होती. डोळे माझ्याकडे लागलेले होते.

डॉक्टर धावत आले. "धनुर्वात," ते म्हणाले. पण धनुर्वात शिरावा अशी जखम अंगावर कुठेच नव्हती. आम्ही त्याला कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत हलवले, दारापुढे कोणी चालू नये म्हणून शिपाई बसवला. डॉक्टर क्लोरोफॉर्म द्यायला बसले आणि मी बाहेर आले. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटले, "माय, मी रागावणार नाही. इस्पितळाच्या औषधाशिवाय त्याला काय देत होतात?"

तिने आधी इकडेतिकडे पाहिले. मग तिने लुगड्याच्या ओच्यातून एक काळपट बाटली काढली. बाजारात एका वैदूने दिलेले ताकदीचे औषध होते ते. पहिलवान लोक घेतात, अंग भरते, असे त्याने सांगितले होते. मी बूच काढून थेंबभर जिभेला लावला. तो कडूपणा मी रोज हाताळत होते. कुचलाच. जास्त पोटात गेला, की धनुर्वातासारखेच झटके आणतो.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोनी इचारंच नही माले, बाई," ती म्हणाली.

मी बाटली घेऊन आत गेले. आमच्या चमच्यात थोडा आणि तिच्या चमच्यात कितीतरी, असा दोन्हीकडून कुचला त्याच्या पोटात जात होता. डॉक्टरांनीही थेंब चाखला, बाटली खाली ठेवली आणि एवढेच म्हणाले, "आता कळलं कशाशी लढायचं ते." टॉनिक बंद झाले, झटके शमवणारे ब्रोमाइड सुरू झाले. दुपारपर्यंत झटके विरळ झाले. तिसऱ्या प्रहरी त्याचा जबडा सैल पडला आणि त्याने पाणी मागितले. मी व्हरांड्यात जाऊन पदरात तोंड घालून रडले, कारण सकाळचा तो चमचा माझ्या हातचा होता.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना म्हटले, "साहेब, प्रत्येक रोग्याला आल्याबरोबर विचारू या, की बाहेरचं काय घेतोस."

"विचारतो की आपण."

"विचारत नाही साहेब. दरडावतो. म्हणून लपवतात."

त्यांनी कागदावर काहीतरी टिपून घेतले. माणूस तापट होता, पण खरे बोललेले त्याला सोसत असे. त्याच आठवड्यात प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी पाटी लागली. तिच्यावर इस्पितळाचे औषध आणि घरचे औषध शेजारी शेजारी लिहायचे, आणि घरचे सांगणाऱ्याला कोणी टोचून बोलायचे नाही. उशांखालून, डब्यांतून, कमरेच्या कनवटीतून इतक्या पुड्या आणि बाटल्या निघाल्या, की ठेवायला फळी कमी पडली.

मग डॉक्टरांनाच शंका आली, की टॉनिकाने स्नायू भरतात तरी का? त्यांनी तापातून उठलेल्या रोग्यांचे दोन भाग केले. निम्म्यांना टॉनिक, निम्म्यांना नाही. उडदाची डाळ, दूध, अंडी आणि पायांचे व्यायाम मात्र सगळ्यांना सारखेच. मी शिंप्याकडून टेप आणली आणि दर सोमवारी गुडघ्याच्या वर ठरावीक अंतरावर मांडी मोजून वहीत उतरवू लागले. पहिलवान बिनटॉनिकवाल्यांत होता. पाऊसकाळ संपेपर्यंत मोजणी चालली. शेवटी आम्ही दोघे वह्या मांडून बसलो. दोन्हीकडच्या मांड्या सारख्याच भरल्या होत्या. अंग भरले होते ते डाळीने, दुधाने आणि रोजच्या व्यायामाने.

डॉक्टरांनी कपाटातली टॉनिकची मोठी बरणी उचलली आणि विषांबरोबर कुलपात ठेवली.

पहिलवान त्याआधीच स्वतःच्या पायांनी घरी गेला होता. हिवाळ्यात त्याच्या आईने निरोप पाठवला, कुस्त्यांना या. मी गेले. बायका बैलगाडीत उभ्या राहून बघत होत्या, त्यांच्यात मीही चढले. त्याने समोरच्या गड्याला बराच वेळ दमवले, मग एकदम ढाक डाव टाकून चितपट केले. फेटे उडाले. अंगाला माती लागलेला तो थेट गाडीपाशी आला आणि दंड पुढे करून म्हणाला, "बाई, आते मोजा."

टेप आणली नव्हती. मी दोन्ही हातांचे कडे त्याच्या दंडाभोवती धरले. बोटे एकमेकांना पोचेनात. त्याची आई हसत होती.

पुढच्या वर्षी धुळ्याच्या इस्पितळातून बोलावणे आले. पाट्या कशा लावल्या ते दाखवायला मी गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या नर्सेसना, कंपाउंडरांना उभे केले आणि मला म्हणाले, "बाई, प्रश्न कसा विचारता तो करून दाखवा." मी पहिल्याच खाटेवरच्या म्हाताऱ्याजवळ बसले आणि म्हटले, "आबा, मी रागावणार नाही." त्याने जरा विचार केला आणि उशीखाली हात घातला.