सुनेसाठी शिकलेलं इंग्रजी
त्सोंकाबाईंनी उभा जन्म बल्गेरियातल्या सेवलियेवो गावच्या मुरंब्याच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावण्यात घालवला. इंग्रजीशी संबंध काय तो बरणीवरच्या लेबलापुरता. पण लेक प्लामेन लीड्सला गेला, तिथल्याच हॅरिएटशी लग्न करून बसला, आणि पासष्टीच्या बाईंवर व्याकरण शिकायची वेळ आली. सून पहिल्यांदाच येणार होती, तान्ह्या लेकीला घेऊन.

"तिला इथं परकं वाटलं तर पुन्हा यायची नाही हं, आई," प्लामेननं फोनवर बजावलं. झालं, बाईंच्या जिवाला घोर लागला.

शेजारच्या विदका मास्तरीणबाईंनी सोपी वाट दाखवली. "आधी वस्तू, मग 'इज', मग ती कशी आहे ते. संपलं."

"आणि बाई असली तर? बाप्या असला तर?"

"विशेषण तेच. आपल्या बल्गेरियनसारखं बदलत नाही."

"म्हणजे दमलेला नि दमलेली एकच? भारीच आळशी गं ही भाषा! मला जमणार."

मग काय, सूप इज हॉट, मांजर इज फॅट! बिचाऱ्या पोस्टमनलासुद्धा "यू आर लेट" ऐकून घ्यावं लागलं.

गाडी आली. प्लामेन सामान काढत राहिला. हॅरिएटनं अंगणात येऊन तान्हीच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं. काय ते गाल! बाईंचे डोळे पाणावले. पण लेकराला तोंडावर गोड म्हणून दृष्ट लावून घ्यायला बाई काय वेड्या होत्या? आमच्याकडे कुठलीही शहाणी आजी जे म्हणेल, तेच त्या ठणठणीत इंग्रजीत म्हणाल्या.

"बेबी इज अग्ली!" वर थू थू थू.

हॅरिएटचा चेहरा खर्रकन उतरला. बाळाला छातीशी धरून ती मागं सरकली. बाईंना वाटलं, उच्चार चुकला. म्हणून पुन्हा, मोठ्यानं, "व्हेरी अग्ली!"

सुनेचे डोळे भरले, तेव्हा कुठं बाईंच्या डोक्यात उजेड पडला. प्लामेन धावत आला, तर त्याला म्हणाल्या, "तू गप रे. माझं मी निस्तरते."

मग सुनेच्या कानाशी जाऊन कुजबुजल्या, "बेबी इज ब्यूटिफुल." घाबरून आभाळाकडे, शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे बोट दाखवलं. "आय ॲम अफ्रेड."

हॅरिएटनं त्या खिडक्यांकडे पाहिलं, मग बाईंच्या घाबऱ्या चेहऱ्याकडे, आणि बाईंना कुणाच्या नजरेची भीती वाटतेय ते तिला उमगलं. मग तिनं तान्हीला अलगद सासूच्या हातात दिलं, प्लामेनकडे वळली आणि त्याला असं फाडफाड झापलं, की गल्लीतली कुत्रीही गप्प झाली. आधी सांगायला याची जीभ झडली होती का, असंच काहीसं असणार.

बाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. पण सून आपल्यातलीच आहे, याची खात्री पटली.