रांगणारा माणूस

"मामा, तो मेंढरांचा आवाज एकदा काढून दाखवा ना. माईकवर. सगळ्यांना जरा अस्सल अनुभव मिळेल."

वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. बोलणारे आमच्या शहरातल्या चित्रपट मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक. सिनेमा संपून चर्चा चालू होती. सभागृह हसलं. माझ्या शेजारी माझी मुलगी होती. ती हसली नाही. तिनं मान खाली घातली.

सिनेमाआधी याच माणसानं मला 'साहेब' म्हटलं होतं. पप्पा चितेगावच्या कारखान्यात हिशेब खात्यात आहेत, असं मुलीनं सांगितलं तेव्हा. मेंढरांचं नाव निघालं आणि साहेबाचा मामा झाला.

मुलगी कॉलेजात शिकते, मंडळाची सभासद आहे. "कळलं नाही तरी चालतं पप्पा, नुसतं बघायचं," म्हणून तीच मला पडेगावहून घेऊन आली होती.

सिनेमा स्वप्नासारखा. गोष्ट नाही, बोलणं नाही. एक पांढरं रिकामं घर. जिन्यानं मेंढरं वर येत राहतात. खोल्या भरतात. त्यांच्यात कोट घातलेला एक माणूस हातापायांवर रांगतोय. तोंड उघडतो, आवाज येत नाही. बराच वेळ हेच.

अध्यक्ष म्हणाले, "सभ्यतेचं ओझं टाकून माणूस निरागसतेकडे परततो आहे. ही मुक्तीची प्रतिमा आहे." माना हलल्या.

मी हात वर केला. "तो आपल्या मनानं रांगत नाय. त्याला कुणीतरी रांगायला लावलंय."

"असं कुणी दिसलं का तुम्हाला पडद्यावर?"

"नाय. पण मला माहीत आहे. आमची मेंढरं होती."

त्यावर ते वरचं वाक्य आलं. आणि माईक आला.

मी लहान असताना पाचोडकडच्या एका बड्या शेतमालकानं आम्हाला मेंढरं बसवायला बोलावलं होतं. रात्री कळप त्याच्या मोकळ्या रानात बसवायचा. लेंडीचं खत त्याला, बदल्यात धान्य आम्हाला. अशी रीत. सकाळी काही मेंढरं त्याच्याच ज्वारीत शिरली. बानं धावत जाऊन हाकलून आणली. तेवढ्यात मालक आणि त्याचे गडी आले. बाच्या हातातली काठी हिसकली. पहिला फटका तोंडावर. रक्त आणि दात एकदमच बाहेर आले. एकूण किती बसले ते सांगणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. ऐकले मात्र सगळे. हाडावरचा फटका वेगळा वाजतो, मांसावरचा वेगळा.

मी रडत होतो. मालक म्हणाला, "वरडतोय कसा बघा. मेंढरूच हाय हे बी. टेक गुडघे. नीट वरड, मंग सोडतो तुझ्या बापाला."

मी टेकले. रांगलो. बें बें केलं. गडी हसले. "आणखी जोरात." आमचा सगळ्यात चांगला मेंढा त्यांनी तिथंच कापला, भरपाई म्हणून. त्याच्या रक्तातून मला परत रांगायला लावलं. बा पडल्या पडल्या बघत होता.

बा मरेपर्यंत त्यावर एक शब्द बोलला नाही. मीही नाही. बायकोशी नाही, मुलीशी नाही.

"लाजू नका मामा." अध्यक्षांनी माईक माझ्या ओठांना टेकवला.

माझं तोंड उघडलं. हे लिहावंच लागेल: तो आवाज घशात येऊन थांबला होता. इतक्या वर्षांनी. हुकूम मिळताच. मुलगी आता माझ्याकडे बघत होती. बा बघत होता तशी.

मी अध्यक्षांचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. माईक पडला. स्पीकर किंचाळला. ते गुडघ्यांवर आले. माझ्या हाताखाली त्यांचं हाड मला कळत होतं. 'वरड' हा शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला. हात सोडला.

"वेडे आहात का तुम्ही?" ते म्हणाले. मामा म्हणाले नाहीत.

मी माईक उचलला आणि सगळं सांगितलं. काठी, दात, मेंढा, रक्त. मागून कुणी म्हणालं, "आपण सिनेमावर बोलू या का?"

"सिनेमावरच बोलतोय. तो माणूस मोकळा नाय. त्याचा मालक पडद्याच्या बाहेर बसलाय."

टाळी वाजली नाही. आम्ही निघालो. स्कूटरवर मुलगी मागून म्हणाली, "आजोबा तोंडावर उपरणं धरून हसायचे. ते म्हणून?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी मंडळाचा निरोप आला. मी लेखी माफी मागावी, नाहीतर मुलीचं सभासदत्व रद्द. मुलीनं निरोप वाचला, फोन माझ्याकडे दिला. "सभासदत्व गेलं तर जाऊ द्या. लिहून देऊ नका पप्पा."

लिहून देणार नाही. मनगट दुखवलं, ते मी केलं, पोलिसांनी विचारलं तर त्यांनाही हेच सांगेन. पण पुढच्या सिनेमाला आम्ही दोघं जाणार. आत घेतलं नाही तर दारात उभे राहून बोलणार. माझ्या तोंडून काय निघावं, हे आता दुसरा कुणी सांगणार नाही. परत माईक ओठांना लावला, तर या वेळी जिभेवरचा शब्द मी गिळणार नाही.